मदत हवी आहे : कार्यालयात रूम हीटर सुरक्षितपणे कसा चालवावा?

परभणीत पारा 10 अंशांच्या खाली उतरला की आमच्या जुन्या कार्यालयात सकाळी बोटे आखडतात. संधिवाताचा त्रास असलेल्या एका सहकारी ताईंसाठी तरी हीटर ठेवावा, असे आम्हा सर्वांना मनापासून वाटते. उपलब्ध हीटर 2000 वॅटचा असून 230 व्होल्टवर तो सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो, तर त्यांच्या टेबलाजवळचा सॉकेट केवळ 6 अँपिअरचा आहे आणि त्याच वायरिंगवर दोन संगणक व एक लेझर प्रिंटर चालतात. अडॅप्टर लावून किंवा एक्स्टेंशन बोर्डावर तो चालवणे मला मुळीच मान्य नाही, कारण सैल जोडणी तापून प्लग वितळू लागला तरी प्रवाह मर्यादेत असेल तर एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) पडत नाही. मोठ्या क्षमतेचा एमसीबी बसवण्याचाही सल्ला मिळाला. परंतु वायर तीच राहिली तर धोका उलट वाढतो.

800 वॅटचा हीटर, म्हणजे सुमारे 3.5 अँपिअर, या लाइनवर प्रिंटरसह चालेल का, की मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढून अर्थिंगसह 16 अँपिअरचा सॉकेट घेणेच योग्य ठरेल? तसे असल्यास तांब्याची वायर किती चौरस मिलिमीटरची घ्यावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.