मदत हवी आहे : मुलांच्या व्हॅनचे चालक गाडी चालवताना फोनवर असतात. तक्रार करावी का, आणि कुठे?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, तुरमुरीच्या पुढे. हायस्कूलला पोरं बेळगावात जातात. शाळेच्या वेळेला बस मिळत नाही, मिळाली तर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही काही पालकांनी मिळून एक व्हॅन ठरवली. चालक शिनोळीच्या बाजूचे, म्हणजे हद्दीपलीकडचे, पण आमच्या गावात त्यांची सोयरीक आहे. गाडी एमएच-०९ पासिंगची. मुलं त्यांना मामा म्हणतात.

माणूस म्हणून त्यांच्याबद्दल एक अक्षर वाईट बोलता येणार नाही. व्यसन नाही, वेळेला पक्के, पावसात मुलांना दारापर्यंत सोडतात. कुणाचे महिन्याचे पैसे अडकले तर चारचौघांत विचारत नाहीत. एवढंच की गाडी सुरू झाली की फोनही सुरू होतो. शाळेची फेरी सोडून बाकीच्या वेळात ते मार्केटची भाडी करतात, आणि ती सगळी फोनवरच ठरतात. माझी मुलगी नववीत आहे, पुढच्या सीटवर बसते. ती सांगते, "मामा एका हातानं वळण घेतात. गिअर टाकायचा झाला की फोन मान वाकडी करून खांद्यात धरतात." हिंडलग्याच्या गर्दीत गाडी सावकाश चालली की व्हिडिओसुद्धा बघतात म्हणे. मी स्वतः स्कूटरवरून कामाला जाताना मागून पाहिलंय. गाडी हळूहळू उजवीकडे सरकते, मग अचानक सावरते.

हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी उचगाव फाट्यावर मळेकरणी देवीला येणाऱ्यांच्या गाड्या. गोव्याकडे निघालेल्या गाड्या तर अंगावरच येतात. मी हिशेब करून पाहिला. साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. फोनवर कुणाचं नाव आलंय ते बघायला दोन सेकंद लागले, तर तेहेतीस-चौतीस मीटर रस्ता कुणीच बघितलेला नसतो. आणि मागे आमची पोरं बसलेली असतात.

मी त्यांच्याशी बोलले. फाटकाशी थांबवून, मुलं नसताना, नीट शब्दांत. "इतकी वर्षं गाडी चालवतोय ताई, एक ओरखडा नाही," म्हणाले. थोडे दिवस बंद होतं, परत सुरू झालं. बाकीच्या पालकांना म्हटलं, सगळे मिळून सांगूया. तर एक म्हणाले, कशाला बोलून वाईट व्हायचं. दुसऱ्यांचं म्हणणं, ही व्हॅन गेली तर दुसरी कोण देणार. आणि एका भाऊंनी जे विचारलं ते मला फार लागलं : "आपल्या मराठी माणसाला कानडी पोलिसांच्या तोंडी देणार काय?" सीमाभागात राहून मी पण पुष्कळ सोसलंय. कानडीतल्या नोटिसा दुसऱ्याकडून वाचून घेतल्यात. पण समोरून ट्रॉली आली तर ती भाषा विचारणार नाही. पोरांच्या जिवाच्या प्रश्नात हा वाद आणू नये असं मला मनापासून वाटतं.

अडचण आणखी एक आहे. व्हॅनची नंबरप्लेट पांढरी, म्हणजे खासगी गाडीची आहे; भाड्याच्या गाडीची पिवळी नाही. म्हणजे फोनची तक्रार केली तर पोलीस फोनवर थांबणार नाहीत. गाडीच अडकेल. त्यांच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली, दोन मुली शिकतायत.

तर माझे प्रश्न. अशा वेळी तक्रार करणं योग्य का? गाडी महाराष्ट्राची आणि रस्ता कर्नाटकातला, मग तक्रार बेळगावात द्यायची की कोल्हापूरला? पुरावा काय लागतो? माझं नाव त्यांना कळेल का? आणि तक्रारीच्या आधी करण्यासारखं काही राहिलंय का? कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

— तुरमुरीपुढची आई

प्रतिसाद : शिनोळीकर

ताई, विचार कसला करताय? आजच ११२ ला फोन लावा. पोरं आपली आहेत.

प्रतिसाद : कोर्टरोड

शिनोळीकर म्हणतात तसं ११२ ला कळवता येईलच, पण ते गाडी त्या क्षणी धोकादायक चालली असेल तेव्हा. तुमचं प्रकरण रोजचं आहे, त्याला लेखी अर्ज बरा. जरा सविस्तर लिहितो.

हद्दीचा प्रश्न सोपा आहे. गुन्हा जिथे घडतो तिथलं पोलीस ठाणं. पासिंग कोल्हापूरचं असो नाहीतर गोव्याचं, हद्दीवरच्या बाचीच्या अलीकडे घडलं तर कर्नाटक पोलीस. शिनोळीच्या पुढे घडलं तर चंदगड तालुका. तुमचं गाव नेमकं कुठल्या ठाण्याकडे येतं ते पंचायतीत विचारलंत तरी कळेल. अर्ज इंग्रजीत लिहून नेलात तर भाषेवरून अडणार नाही. पोच मात्र घ्या, शिक्क्यासह.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हातात फोन धरून वापरणं त्यात स्पष्टपणे घातलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तडजोडीचा दंड भरून सुटका होते, आणि कर्नाटकाने त्याच सप्टेंबरात बऱ्याच दंडांच्या रकमा कमीही केल्या. त्यामुळे 'तुरुंगात जातील' ही भीती मनातून काढा. खरी जरब लायसनची आहे. कलम २०६ खाली पोलीस लायसन काढून घेऊन निलंबनासाठी पाठवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलंय की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याचं लायसन किमान तीन महिने निलंबित करा.

फोनवर नकाशा लावणं चालतं. ऑक्टोबर २०२० पासून नियमातच तशी सूट आहे, पण फक्त रस्ता शोधायला आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. तुमचे मामा भाडी ठरवतात, त्यांना ती सूट नाही.

पुराव्याचं नीट ऐका. स्कूटर चालवता चालवता फोटो काढू नका, तुम्हीही त्याच कलमात याल. मुलीला तर अजिबात सांगू नका. लहान मुलीला मामांविरुद्ध साक्षीदार करणं बरोबर नाही, आणि हातातला फोन मामांना दिसला तर गाडीतलं वातावरण बिघडेल. तारीख, वेळ, ठिकाण आणि गाडीचा नंबर लिहून ठेवलात तरी पोलिसांना कुठे उभं राहायचं ते कळतं. त्यांनी स्वतः पाहिलं की तुमच्या साक्षीची गरजच उरत नाही. अर्जात तसंच लिहा : अमुक वेळेला अमुक फाट्यावर तपासणी करावी, नाव गुप्त ठेवावं. बंगळूरला नागरिकांनी फोटो पाठवायची ॲपची सोय बरीच वर्षं आहे, पण ती त्या शहरापुरती.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा मोह कुणाला झाला तर अडवा. त्यातून अब्रुनुकसानीची भानगड होते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

पांढऱ्या प्लेटचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला ते फोनइतकंच गंभीर वाटतं. परवान्याशिवाय भाड्याने माणसं नेली तर कलम १९२अ खाली दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. त्याहून वाईट म्हणजे खासगी विम्याची गाडी भाड्याने चालत होती असं निघालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. अपघात झालाच तर तुम्ही पालक भरपाईसाठी कुणाच्या दारात जाणार?

प्रतिसाद : टेंपोवाला निपाणी

मी स्वतः चालक आहे. बेळगाव-निपाणी-कोल्हापूर हायवेला टेंपो चालवतो. ताईंचा राग रास्त आहे, पण आमच्या बाजूचं कुणीतरी सांगायला हवं.

फोन उचलला नाही तर भाडं दुसऱ्याला जातं. पार्टी दोनदा लावते, तिसऱ्यांदा लावत नाही. त्यामुळे घंटी वाजली की हात आपोआप जातो. आणि शाळेच्या गाडीवाल्याला सगळ्यात जास्त फोन कुणाचे येतात? पालकांचे. "कुठपर्यंत आलाय?" "आज पोरगी येणार नाही." "दोन मिनिटं थांबा." हे सगळे फोन गाडी चालू असतानाच येतात. आधी सगळ्या पालकांनी ठरवा की सकाळी आणि शाळा सुटल्यावर फेरी संपेपर्यंत मामांना फोन करायचा नाही. निरोप आदल्या रात्री द्यायचा.

दुसरं, मार्केटच्या भाड्यांसाठी त्यांच्या घरातलं कुणीतरी त्या तासाभरात फोन सांभाळू शकतं. आमच्याकडे माझी बायको सांभाळते. वहीत लिहून ठेवते, मी गाडी थांबली की लावतो. भाडं जात नाही, लोकांना सवय होते.

ब्लूटूथ घेऊन द्या असं कुणी सुचवेल, पण त्याने काम होत नाही. हात मोकळे होतात, डोकं भाड्यातच असतं.

प्रतिसाद : कोर्टरोड

टेंपोवाले दादांशी सहमत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो, आणि हँड्सफ्रीने तो फारसा कमी होत नाही.

प्रतिसाद : खानापूर रोड

गरिबाच्या पोटावर पाय देताना दहादा विचार करा एवढंच म्हणेन. मोठ्या गाड्यांतून फिरणारे एका हातात फोन घेऊन जातात, त्यांना कोण धरतंय? धरला जातो तो व्हॅनवाला.

प्रतिसाद : तुरमुरीपुढची आई

दादा, तुमचं म्हणणं मला कळतं, म्हणूनच तर इथे विचारायला आले. सरळ ठाण्यात गेले असते तर हा धागा काढलाच नसता. पण त्यांच्या दोन मुलींचा विचार करताना व्हॅनमधल्या मुलामुलींचा विचार सोडू का? त्यांना तक्रार करता येत नाही. मोठ्या माणसाला उलट बोलू नये असं आपणच शिकवलंय त्यांना.

प्रतिसाद : हायस्कूलातली बाई

मी बेळगावात शिकवते. शाळेला कळवा, ही पायरी तुमच्याकडून राहिलीय. खासगी व्हॅनशी आमचा संबंध नाही, असं बऱ्याच शाळा म्हणतात. पण पालक सभेत विषय आला की मुख्याध्यापकांना बोलावंच लागतं. आमच्याकडे गेटवर व्हॅन, रिक्षा सगळ्यांचे नंबर आणि चालकांच्या लायसनच्या प्रती ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून चालकांची वागणूक खूपच सुधारली. कोण बघतंय हे कळलं की माणूस सांभाळून चालवतो.

दिल्लीतल्या शाळांच्या बसबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं होतं की धोकादायक गाडी चालवल्याबद्दल एकदा जरी चलन झालेलं असेल, तर त्या माणसाला शाळेच्या बसवर ठेवू नये. तुमची व्हॅन शाळेची नाही, मला कल्पना आहे. पण पालक म्हणून तेवढी अपेक्षा ठेवायला काहीच हरकत नाही.

आणि मुलीला विचारत राहा, पण पोलिसासारखं नव्हे. तिला व्हॅनमध्ये भीती वाटते का, एवढंच विचारा. वाटत असेल तर उद्यापासून तिला त्या गाडीत बसवू नका. मग बाकी काय व्हायचं ते होवो.

प्रतिसाद : तुरमुरीपुढची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी तीन घरच्या आया माझ्याकडे आल्या होत्या, त्यांना हा धागा वाचून दाखवला. पुरुष मंडळी तयार नसली तरी आम्ही बायका तयार आहोत.

असं ठरलंय. फेरीच्या वेळेत पालकांनी मामांना फोन करायचा नाही, हे आम्ही सगळ्यांना सांगणार. रविवारी मामांच्या घरी जाऊन, त्यांच्या बायकोसमोर बोलणार : फोन फेरीभर बंद, नाहीतर व्हॅन बंद आणि लेखी अर्ज. पिवळ्या प्लेटचंही तेव्हाच काढणार. परवान्याच्या खर्चासाठी सगळ्या घरांनी महिन्याला थोडे जास्त पैसे द्यावेत असं मी मांडणार आहे. स्वस्तातली गाडी आपणच मागितली, तर तो भार एकट्या मामांवर टाकणं बरोबर होणार नाही. शाळेत मंगळवारी जाते.

अर्ज मात्र आजच लिहून ठेवते. पुन्हा फोन हातात दिसला तर दुसरी संधी नाही.

एकच विचारायचं राहिलं. अर्ज एकटीच्या नावाने द्यावा, की चौघींच्या सह्या घ्याव्यात?

प्रतिसाद : कोर्टरोड

चौघींच्या. एकीच्या अर्जाला घरगुती भांडणाचा रंग देता येतो, चौघींच्या देता येत नाही. प्रत्येकीने स्वतः काय पाहिलं तेवढंच लिहा, ऐकलेलं नको. तुम्ही मागून पाहिलंय, ते तुमच्या परिच्छेदात येऊ द्या. मसुदा झाला की नावं आणि नंबर काढून इथे टाका, मी बघतो.