मदत हवी आहे: आमच्या होळीच्या पथकाचं ऑनलाइन कसं करायचं? (लवकर सांगा)

धडगावकर_पावा
नमस्कार. आमचं पथक आहे, होळीचं. ते ऑनलाइन आणायचं आहे. वेबसाईट करावी की यूट्यूब? एकाने वेबसाईटचे ३५ हजार सांगितले, ते बरोबर आहेत का? पोरं म्हणतात इन्स्टा पुरे. होळी तोंडावर आली आहे, तेव्हा "गुगल कर" असं सांगू नका, ते करून झालं. ज्याला माहीत आहे त्यानेच लिहा.

सुमन_तापीकाठ
पथक म्हणजे ढोल-ताशा पथक का? गणपतीतलं?

केळीवाला_रावेर
३५ हजार? काय भो, लुटायला बसलेत का! माझ्या मेव्हण्याच्या पोराने आमच्या केळी ग्रुपची वेबसाईट पाच हजारांत करून दिली. नंबर देऊ का?

जुना_सभासद_धुळे
केळीवाले, ती वेबसाईट आज उघडते का?

केळीवाला_रावेर
सध्या बंद आहे. डोमेनचे पैसे भरायचे राहिलेत. पण मुद्दा तो नाही.

धडगावकर_पावा
ढोल-ताशा नाही हो. होळीचं म्हणालो ना. बावा, बुध्या, मोरखी, म्हणजे आमच्या सातपुड्यातल्या आदिवासी होळीत नाचणारे. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे नि घुंगरू, अंगावर पांढरे ठिपके. सगळ्यांना माहीत आहे म्हणून लिहिलं नाही.

सुमन_तापीकाठ
सगळ्यांना नाही भाऊ. आमच्या जळगावात निम्म्या लोकांना धडगाव अजून धुळे जिल्ह्यातच आहे असं वाटतं.

जुना_सभासद_धुळे
१९९८ च्या जुलैपर्यंत होतंच की. नंदुरबार नंतर वेगळा झाला. आणि खान्देश म्हटला की तिन्ही जिल्हे आले, इथे दर महिन्याला हा वाद नको.

फोकस_अमळनेर
मिररलेस कॅमेरा घ्या, सोबत गिंबल. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला घेतलात तर कटकट कमी. होळीभोवतीचा रिंगण वरून काय दिसेल! लेन्सची यादी पाठवतो.

धडगावकर_पावा
दादा, कॅमेरा मागितलाच नाही. मोबाईल आहे. पाड्यावर रेंज नाही, शहाद्याला गेलं की व्हिडिओ चढवतो. माझा प्रश्न वेबसाईट की यूट्यूब एवढाच आहे.

शहाद्याची_माहेरवाशीण
तो प्रश्न नंतर. आधी सांगा, हे कुणी बघावं म्हणून करताय? पुण्या-मुंबईच्या आयोजकांनी बोलवावं म्हणून, सुरतेला कामाला गेलेल्या आपल्याच पोरांसाठी, की यूट्यूबच्या पैशांसाठी? तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

धडगावकर_पावा
बोलवावं म्हणून. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या कार्यक्रमाला "सातपुड्याचं होळी नृत्य" ठेवलं होतं. आमच्यातलं कुणी नव्हतंच. कॉलेजच्या पोरांना मोरपिसं बांधून उभं केलेलं, आणि मागे डीजे! आयोजकाला विचारलं तर म्हणतो, तुमचा नंबर कुठेच सापडला नाही. त्यात खोटं काही नाही, खरंच सापडत नाही. गुगलवर टाकलं की रिमिक्स गाणीच येतात.

केळीवाला_रावेर
मग यूट्यूबच. लाखो रुपये कमावतात लोक घरबसल्या.

शहाद्याची_माहेरवाशीण
केळीवाले नाना, जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलेलं लागतं. शॉर्ट्सवर जायचं तर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. त्या भरवशावर कुणी ढोल मढवायला टाकू नये.

पावा भाऊ, वेबसाईट आत्ता नको. यूट्यूब चॅनेल करा आणि फेसबुकचं पेज. पेज म्हणतेय, प्रोफाइल नाही, प्रोफाइलला ५००० मित्रांवर कुलूप लागतं. आयोजक लोक अजून फेसबुकच बघतात. प्रत्येक व्हिडिओखाली नाचाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मराठीत लिहा, आणि पथकासाठी एक वेगळं सिम घेऊन तो नंबर. घरातला नंबर नको, रात्री-बेरात्री कुणीही फोन करतं.

धडगावकर_पावा
पेज आहे.

शहाद्याची_माहेरवाशीण
आहे?? मग आधी का नाही सांगितलं?

धडगावकर_पावा
असून नसल्यासारखं आहे. ज्या पोराने काढलं तो सुरतेला गेला, नंबर बदलला, त्याच्याशिवाय कुणाला टाकता येत नाही. त्याने पेजचं नाव बदलून आता मोबाईलची कव्हरं विकायला काढली आहेत.

जुना_सभासद_धुळे
आमना गावमा बी असंच व्हयनं. कानबाईच्या उत्सवाचं पेज होतं, एका पोराचा साखरपुडा झाला आणि पेजवर त्याच्या सासरचे फोटो सुरू झाले.

शहाद्याची_माहेरवाशीण
त्या पेजचा नाद सोडा. पूर्ण ताबा त्याच्याकडेच असेल तर त्याने दिल्याशिवाय तुम्हाला मिळणार नाही. नवीन काढा आणि पहिल्याच दिवशी दोघांना पूर्ण ताबा द्या, त्यातला एक गावात राहणारा. यूट्यूबलाही सेटिंगमध्ये परवानग्या असतात, तिथून दुसऱ्याला मॅनेजर करता येतं. पासवर्ड वाटत फिरायची गरज नाही.

अक्कलकुवा_मास्तर
उशिरा आलो. मला एक विचारायचं आहे, गावातल्या जाणत्यांना विचारलंत का? बुध्या-बावा नवसाचे असतात. पालनी म्हणजे नवसाचे नियम पाळतात, खाटेवर झोपत नाहीत, काय काय जपतात. तो नाच स्टेजचा नाही. काठी गावच्या होळीला पहाटे होळी पेटताना मी स्वतः पाहिलंय, नवस फेडणाऱ्याच्या तोंडासमोर चार-चार जण मोबाईल घेऊन उभे. हे चॅनेलवर टाकणार का?

फोकस_अमळनेर
सर, सार्वजनिक उत्सव आहे. कुणीही शूट करू शकतो. आणि जतन नको का व्हायला?

अक्कलकुवा_मास्तर
जतन करायला तुमची लेन्स लागत नाही, ते पोरांच्या पायांत आहे. शूट करता येतं म्हणून कुणाच्या नवसात शिरायचं का?

धडगावकर_पावा
मास्तर, यावरूनच गावात दोन तट आहेत. म्हातारे म्हणतात होळीच्या रात्रीचं काही टाकायचं नाही. पोरं म्हणतात तेच तर लोकांना बघायचंय. मी मधे लटकलोय.

शहाद्याची_माहेरवाशीण
मग म्हाताऱ्यांचं ऐका, तुमचं काम अडत नाही. आयोजकाला होळीची रात्र नको असते. त्याला बघायचं असतं की किती माणसं येणार, किती वेळ नाचणार, ढोल किती, जागा किती लागणार. तेव्हा एखाद्या दुपारी मैदानात पथक नाचवा, दहा-बारा मिनिटांचं एकसलग शूट करा. तेच चॅनेलच्या तोंडावर ठेवा.

शूट करताना मोठ्या ढोलाच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका, आवाज फाटतो. लांब, पाव्याच्या (बासरीच्या) बाजूला उभे राहा, नाहीतर पावा ऐकूच येत नाही. आणि गोलात नाचतात म्हणून खालून नुसत्या पाठी दिसतात. बैलगाडीवर नाहीतर घराच्या ओट्यावर चढा.

तुषार_एरंडोल
भोंगऱ्या बाजाराचा व्हिडिओ टाका की! तिथे म्हणे पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत करून पळून जातात. असलं काही व्हायरल होतं बघा.

धडगावकर_पावा
हेच! हेच बाहेरचे लिहितात. भोंगऱ्या हा होळीआधीचा बाजार आहे. डाळ्या, गूळ, साखरेचे हार-कंगण, घुंगरू घ्यायला माणसं येतात, ढोल येतात, नाच होतो. पळून जाण्याची गोष्ट बाहेरच्यांनी चिकटवलेली आहे. आमच्या बहिणी तिथे बाजाराला जातात, भाऊ.

तुषार_एरंडोल
मी वाचलं ते सांगितलं, रागावू नका.

अक्कलकुवा_मास्तर
रागावणारच. पावा, चॅनेलवरचा तुझा पहिला मजकूर याच्यावरच लिही. तुम्ही लिहिलं नाही तर तुषारभाऊंनी वाचलेलंच चालू राहणार.

धडगावकर_पावा
बरं. अजून एक अडचण. मागे एक व्हिडिओ टाकला होता, त्यावर कॉपीराइटचा दावा आला. गाणं आमच्या आजीच्या आजीपासूनचं, गायल्या आमच्याच बाया, आणि दावा कुठल्या तरी कंपनीचा! हे कसं?

सुमन_तापीकाठ
मागे डीजे वाजत होता का?

धडगावकर_पावा
नाही. हां, लांब एका गाडीवर स्पीकर होता. पण बारीक.

सुमन_तापीकाठ
बारीकही पकडतं. ते आपोआप जुळवणारं यंत्र आहे. दुसरं कारण असं असतं की कुणीतरी तीच चाल स्टुडिओत गाऊन कंपनीला दिलेली असते, मग तुमचं गाणं त्याच्याशी जुळतं. परंपरेची चाल कुणाच्या मालकीची नसते, त्यांची मालकी फक्त त्यांच्या रेकॉर्डिंगची. व्हिडिओत फक्त तुमचाच आवाज असेल तर चॅनेलमधून हरकत घ्या, त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तो स्पीकर ऐकू येत असेल तर आधी तेवढा तुकडा कापा, नाहीतर तुम्हीच अडचणीत याल. यापुढे शूटिंगआधी गाडीवाल्याला बंद करायला सांगा.

धडगावकर_पावा
हे कामाचं आहे. आज रात्री गावात बसतोय, पेजचे दोन माणूस कोण ते ठरवायला. म्हातारे म्हणतील एक तरी त्यांच्यातला पाहिजे, आणि त्यांच्यातल्या कुणाकडे साधा मोबाईलसुद्धा धड नाही.

अक्कलकुवा_मास्तर
मग एक बाई ठेवा. गाणी त्यांनाच पाठ, आणि त्या सुरतेला जात नाहीत.

केळीवाला_रावेर
मधेच विचारतो, आमच्या गावात एक म्हातारे वहीगायन (आपल्याकडचं लोकगायन) करणारे आहेत. त्यांना ते कलावंतांचं मानधन मिळेल का?

जुना_सभासद_धुळे
राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन. महिना ५००० आहे. वयाची पन्नाशी ओलांडलेली हवी आणि कलेचे पुरावे लागतात, जुन्या पत्रिका, फोटो, कात्रणं. पंचायत समितीत विचारा. आणि वेगळा धागा काढा, इथे पावाभाऊंचं चाललंय.