प्र: हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे नुसतं वेटरकाम?
काहीजण म्हणतात की हॉटेल मॅनेजमेंटची फी भरून शेवटी ताटंच उचलायची, ते अर्धंच खरं. ताटं उचलायला लागतात, बेडशीटपण घालायला लागते, कारण किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग (खोल्यांची साफसफाई), फ्रंट ऑफिस (रिसेप्शन) हे चारही सगळ्यांना शिकायलाच लागतंय आणि मग ट्रेनिंगला खऱ्या हॉटेलात पाठवतात. माझी भाची बेळगावच्या टिळकवाडीतली, चोर्ला घाट उतरून गोव्याला ट्रेनिंगला गेली तर तिला फ्रंट ऑफिसलाच जास्त ठेवलं की ओ, मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही फाडफाड बोलते म्हणून.

सरकारी आयएचएम (हॉटेल मॅनेजमेंटचं सरकारी कॉलेज) पाहिजे असेल तर बारावीच्या वर्षीच एनसीएचएम जेईई या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरा, पर्वरीचं आयएचएम गोवा पण त्यातच येतंय. खाजगी कॉलेजांचे एजंट हे कशाला सांगतील?