पहिलं फ्रीलान्स काम: पाच पानांची साइट, हाताने लिहू की वर्डप्रेस?

कोरी_पाटी

एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (पानाचं रूप) बऱ्यापैकी येतं, फ्लेक्सबॉक्स-ग्रिड (सीएसएसमधल्या मांडणीच्या पद्धती) संदर्भ न उघडता लिहिता येतं. जावास्क्रिप्ट मात्र मेनू उघडबंद करण्यापुरतंच. एका फिजिओथेरपी क्लिनिकची साइट करायची आहे: मुख्यपान, सेवा, डॉक्टरांची माहिती, फोटो, संपर्क. मजकूर मराठीत. डोमेन त्यांच्याकडे आहे, त्यावर ईमेलही चालू आहे. जुनी साइट अजून दिसते, पण तिला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही.

रिअ‍ॅक्ट (सतत बदलणारे पडदे बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकायचंच आहे, तर ते याच कामात शिकून घ्यावं का? की वर्डप्रेस (कोड न लिहिता मजकूर बदलता येणारी तयार प्रणाली) सोयीचं? वेळेचा अंदाज कसा काढायचा, आणि सुरू करण्याआधी लेखी काय काय घ्यावं?

अर्धविराम

रिअ‍ॅक्ट या कामात नको. पाच पानांवर एकही गोष्ट अशी नाही की जिची स्थिती सतत बदलते आणि पडदा तिच्यामागे धावतो. नुसत्या रिअ‍ॅक्टने केलेल्या साइटचं एचटीएमएल जवळजवळ रिकामं जातं. स्क्रिप्ट उतरून चालेपर्यंत पानावर काही नसतं, आणि एका चुकीने अख्खं पान कोरं राहतं. फायदा शून्य, जोखीम पूर्ण.

वर्डप्रेस की हाताने, हे ठरवायला क्लायंटला एकच विचारा: मजकूर कोण बदलणार आणि किती वेळा? दर आठवड्याला लेख टाकणार असतील तर वर्डप्रेस. वर्षातून दोनदा वेळापत्रक बदलणार असेल तर साधी स्थिर साइट, म्हणजे हाताने लिहिलेल्या तयार फाइली. वर्डप्रेस बसवणं सोपं, पण मूळ प्रणाली, थीम (साइटचं रूप) आणि प्लगइनचे (जोडसुविधांचे) अपडेट कायमचे मागे लागतात. ते कोण करणार हे ठरलं नसेल तर जुन्या प्लगइनमधल्या भोकातून साइट हॅक होते आणि फोन तुम्हालाच येतो.

शिकण्याबद्दल माझा नियम: पैसे घेतलेल्या कामात नवी गोष्ट एकच. इथे ती गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरून होस्टिंगवर (साइट जिथे ठेवतात त्या भाड्याच्या सर्व्हरवर) चढवणं ही असू द्या. रिकाम्या 'नमस्कार' पानासह पहिल्याच दिवशी साइट एखाद्या तात्पुरत्या पत्त्यावर चढवा. विंडोजवर फाइलच्या नावातल्या इंग्रजी अक्षरांच्या लहान-मोठेपणाने फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरवर पडतो. घरी दिसणारे फोटो तिथे गायब होण्याचं नेहमीचं कारण हेच, आणि ते शेवटच्या रात्री कळण्यात काही मजा नाही.

वेळ: आराखडा ८ ते १० तास, मांडणीचा कोड १५ ते २०, मजकूर आणि फोटो बसवणं ६ ते ८, फॉर्म आणि चढवणं ५, तपासणी ४, फेरफार ८. नवखे असाल तर बेरजेची दीडपट धरा.

नामसर्व्हर

डोमेनवर ईमेल चालू आहे म्हणालात, तिथे थांबा. सर्वात महागडी चूक तिथेच होते.

नवं होस्टिंग 'आमचे नेमसर्व्हर टाका' असं सांगतं. ते टाकले की डीएनएसचा (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या नोंदींचा) सगळा कारभार तिकडे जातो, आणि जुन्या ठिकाणचे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे जावा ते सांगणारे) नव्या ठिकाणी नसतील तर मेल बंद. साइट झकास दिसते, त्यामुळे क्लायंटला पत्ता लागायला दोन दिवस जातात. म्हणून नेमसर्व्हरला हात लावू नका. फक्त मूळ डोमेनचा ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याची नोंद (असल्यास आयपीव्ही६ पत्त्याचा एएएए सुद्धा, तो विसरला तर काही जणांना जुनीच साइट दिसत राहते) आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'चा रेकॉर्ड बदला.

आधी सगळ्या रेकॉर्डची नक्कल काढून ठेवा: एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (मेल खरंच या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) टीएक्सटी ओळी, सगळं. बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल (इतरांनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. तो ८६४०० असेल तर चुकीचा पत्ता काही ठिकाणी दिवसभर टिकून राहतो आणि चूक सुधारूनही सुधारलेली दिसत नाही. एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र बहुतेक होस्टिंगवर पत्ता वळल्यानंतरच मिळतं, म्हणून बदल शुक्रवारी संध्याकाळी करू नये.

डोमेनचं खातं क्लायंटच्याच नावावर आणि ईमेलवर राहू द्या. तुमच्या नावावर आलं की नूतनीकरणाचं ओझंही येतं.

कोरी_पाटी

हे लक्षातच आलं नव्हतं. साइट स्थिर ठेवली तर संपर्क फॉर्मचा मेल कसा जाणार?

नामसर्व्हर

स्थिर पान स्वतः मेल पाठवू शकत नाही. तयार फॉर्म-सेवा जोडा, होस्टिंग देत असेल तर छोटं सर्व्हरलेस फंक्शन (मागणी आल्यावरच चालणारा कोड) लिहा, नाहीतर पीएचपीची (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेची) एक फाइल.

कसंही करा, 'फ्रॉम'मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता टाकू नका. तुमचा सर्व्हर त्याच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवतोय असं दिसतं, एसपीएफ आणि डीमार्कच्या (पाठवणारा खरा आहे का, या) तपासणीत ते नापास होतं आणि मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत फिरतो. 'फ्रॉम' क्लिनिकच्या डोमेनचा, आणि भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. शक्यतो एसएमटीपीने (मेल पाठवण्याची ठरलेली पद्धत), मेलच्या खात्यात लॉगिन करून पाठवा.

फॉर्म आपोआप भरणाऱ्या बॉटसाठी सीएसएसने लपवलेला एक रिकामा रकाना ठेवा. तो भरलेला आला तर नोंद टाकून द्या. एवढ्याने बराच कचरा थांबतो. आणि क्लिनिक आहे म्हणून सांगतो, फॉर्ममध्ये आजाराचा तपशील मागू नका. नाव, फोन, सोयीची वेळ पुरे.

शिरोरेघ

मजकूर मराठी आहे, हे कुणी धरलेलं दिसत नाही.

आराखड्यात सुंदर इंग्रजी फॉन्ट निवडतात, त्यात देवनागरी नसते. मग ब्राउझर मराठीसाठी यंत्रातला मिळेल तो फॉन्ट लावतो, आणि प्रत्येक फोनवर साइट वेगळी दिसते. देवनागरी असलेलाच फॉन्ट घ्या, वजनं (अक्षरांची जाडी) दोनच: ४०० (साधं) आणि ७०० (ठळक). ७०० ची फाइल दिली नाही तर ब्राउझर अक्षरं नुसती फुगवतो आणि जोडाक्षरं चिकटतात. देवनागरीच्या फाइली जड असतात, म्हणून वॉफ२ हे दाबून लहान केलेलं स्वरूप आणि 'फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप' (फॉन्ट येईपर्यंत मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतो). ओळींची उंची परिच्छेदाला अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट. शीर्षकाला इंग्रजीच्या सवयीने १.१ दिलीत तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. 'लेटर-स्पेसिंग' शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते. एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' लिहा, म्हणजे स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारं साधन) मराठी उच्चार निवडू शकतो.

मोबाइलवर पान आडवं सरकत असेल तर 'ओव्हरफ्लो-एक्स: हिडन' टाकून झाकू नका, कारण शोधा. बहुधा फ्लेक्स किंवा ग्रिडमधल्या घटकाची किमान रुंदी मुळात 'ऑटो' असते, म्हणून लांब शब्द किंवा मोठा फोटो त्याला आकसू देत नाही. 'मिन-विड्थ: ०' दिलं की सुटतं. फॉर्मच्या रकान्यांचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवला तर आयफोनची सफारी रकान्यात टिचकी मारताच पान मोठं करते. पहिला पडदा '१०० व्हीएच' (पडद्याच्या पूर्ण उंचीएवढा) उंच केला तर मोबाइलच्या पत्तापट्टीमुळे खालचं बटण कापलं जातं, तिथे 'डीव्हीएच' (पत्तापट्टी धरून बदलणारी उंची) वापरा.

फोटो: कॅमेऱ्यातून आलेली ४००० पिक्सेलची फाइल तशीच चढवू नये. १६०० पिक्सेल रुंदी, वेबपी (लहान फाइलचं स्वरूप), गुणवत्ता ७५ च्या आसपास, २०० केबीच्या आत बसवा. रुंदी-उंची टॅगमध्येच लिहा, नाहीतर फोटो येताना मजकूर खाली उडी मारतो. 'लेझी' लोडिंग (पडद्याजवळ आल्यावरच फोटो उतरवणं) खालच्या फोटोंना द्या, पहिल्या मोठ्या फोटोला नाही. त्याने तोच उशिरा येतो. एलसीपी (पानावरचा सर्वात मोठा घटक दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत हवा.

हिशेबनीस

अर्धविराम यांच्या तासांशी सहमत, फक्त फेरफारांच्या ८ तासांशी नाही. फेऱ्या मोजल्या नाहीत तर ते ८ चे ३० होतात. लेखी घ्या: पानांची यादी, फेरफाराच्या दोन फेऱ्या, पुढच्या प्रत्येक फेरीचा तासाचा दर. 'फेरी' म्हणजे सगळे बदल एकाच यादीत, रोज एक मेसेज नव्हे. हे आधी सांगितलं नाही तर भांडण नक्की.

काम अडतं ते कोडपाशी कमी, मजकुरापाशी जास्त. म्हणून पूर्ण मजकूर हाती येईपर्यंत मांडणी सुरू करू नका, आणि तुमची मुदत मजकूर मिळाल्या तारखेपासून मोजली जाईल असं लिहा. 'लोरेम इप्सम'वर (नमुन्याच्या निरर्थक मजकुरावर) केलेली चौकट खऱ्या मराठी मजकुराने हमखास फुटते, ते वेगळंच.

पैसे: ४० टक्के सुरुवातीला, ३० आराखडा मंजूर झाल्यावर, ३० साइट खऱ्या पत्त्यावर जाण्याआधी. शेवटचा हप्ता 'नंतर'वर ठेवला की तो मजकुरासारखाच रखडतो. रुग्णांचे फोटो असतील तर परवानगी क्लिनिकने घ्यायची, हेही त्याच कागदावर. आणि चढवल्यानंतर ३० दिवस दोष दुरुस्ती मोफत. दोष म्हणजे ठरलेलं चालत नाही ते. नवं पान हा दोष नव्हे.

कोरी_पाटी

तात्पुरता पत्ता गूगलवर दिसू नये म्हणून रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी काय वाचू नये ते सांगणारी) सगळं बंद केलं तर पुरेल ना?

अर्धविराम

नाही. ती फाइल फक्त पान वाचायला मनाई करते. कुठून दुवा सापडला तर नुसता पत्ता तरी शोधात येऊ शकतो. उलट पान वाचायलाच बंदी असल्यामुळे त्यातला 'नोइंडेक्स' (हे पान शोधात दाखवू नका, अशी खूण) गूगलला दिसतही नाही. तात्पुरत्या पत्त्यावर पासवर्ड लावा.

'नोइंडेक्स' लावलाच तर चढवायच्या यादीत 'नोइंडेक्स काढला' ही पहिली ओळ लिहा. जुन्या साइटच्या पत्त्यांची यादी आत्ताच काढा आणि प्रत्येकाला नव्या पानाकडे ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगणाऱ्या सर्व्हरच्या उत्तराने) वळवा. सगळे पत्ते मुख्यपानावर ढकलू नका, गूगल त्यांना बहुधा 'पान सापडलं नाही' असंच धरतं.