मदत हवी आहे: लिनक्स मिंट २२ वर नवा सोर्स (पॅकेजं जिथून येतात तो पत्ता) जोडल्यावर 'विल्मा'ची रिलीज फाइल सापडत नाही

एका प्रोग्रामच्या साइटवरची आज्ञा जशीच्या तशी टर्मिनलमध्ये दिली. आता 'सूडो ॲप्ट अपडेट' (पॅकेजांची यादी ताजी करणारी आज्ञा) केलं की ४०४ येतं आणि 'रिलीज फाइल नाही' असा संदेश. सोर्सच्या ओळीत 'विल्मा' दिसतंय, साइटवर मात्र 'नोबल'. खरं नाव कोणतं? हाताने बदललं तर चालेल का?

प्रतिसाद १
दोन्ही खरी. विल्मा हे मिंट २२ चं नाव, नोबल हे मिंट ज्या लिनक्सवर उभं आहे त्या उबुंटू २४.०४ चं. उबुंटू एकाच अक्षराचं विशेषण आणि प्राणी घेतं: नोबल नंबॅट, त्याआधी २२.०४ ला जॅमी जेलीफिश. आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. मिंट बाईचं नाव घेतं, शेवटी 'आ' येणारं: २१ व्हनेसा, २२ विल्मा.

त्या प्रोग्रामवाल्यांच्या सर्व्हरवर नोबल नावाचा फोल्डर आहे, विल्माचा नाही. आज्ञेतला 'एलएसबी रिलीज'चा तुकडा तुमच्या मशीनला नाव विचारतो, मिंट विल्मा सांगतं आणि पत्ता चुकतो.

'ईटीसी'मधली 'ओएस-रिलीज' फाइल उघडा. 'उबुंटू कोडनेम'पुढे नोबल दिसेल. मग 'ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी'मध्ये फक्त त्या प्रोग्रामच्या फाइलीत विल्मा काढून नोबल लिहा, पुन्हा अपडेट द्या.

सगळ्या फाइलींत सरसकट बदल करू नका! 'ऑफिशियल पॅकेज रिपॉझिटरीज' फाइलीत मिंटच्या ओळीला विल्माच लागतं आणि उबुंटूच्या ओळींना नोबल.

धागाकर्ता
झालं, अपडेट बिनबोभाट पार पडलं. २२.१ वर गेल्यावर पुन्हा बदलावं लागेल का?

प्रतिसाद १
नाही. २२.१ झिया, २२.२ झारा, पण पाया नोबलच. मिंटची स्वतःची ओळ अपग्रेडमध्ये आपोआप बदलते.

प्रतिसाद २
एक भर. एलएमडीई, म्हणजे मिंटचीच दुसरी आवृत्ती, असेल तर उबुंटूचं नाव चालणार नाही, तिचा पाया डेबियन हे वेगळं लिनक्स आहे. एलएमडीई ६, म्हणजे फे, हिला 'बुकवर्म' लागतं. डेबियनची नावं 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची: ११ बुल्सआय, १२ बुकवर्म, १३ ट्रिक्सी. अस्थिर शाखा कायम सिड, खेळणी मोडणारा तो मुलगा.

आणि सोर्समध्ये नावाऐवजी 'स्टेबल' (त्या वेळची स्थिर आवृत्ती, जी असेल ती) लिहू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रिक्सी आली तेव्हा 'स्टेबल' बुकवर्मवरून तिच्याकडे सरकलं. ज्यांच्या ओळीत तो शब्द होता, त्यांच्या पुढच्या अपडेटला नव्या आवृत्तीची पॅकेजं समोर आली.