ताकदीचा खेळ? छे!
चेंडू घरंगळत सोडून पिना पाडायच्या खेळाबद्दल कुणीतरी लिहिलेलं "बोलिंगला ताकद लागते, पुरुषांपुढे बाईचा निभाव लागणार नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही. अमेरिकन बोलर केली कुलिक हिने जानेवारी 2010 मध्ये लास वेगासला टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ख्रिस बार्न्स या पुरुष खेळाडूला 265-195 असं धुतलं. पीबीए टूरचं (पुरुषच जिंकत आलेल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेचं) विजेतेपद मिळवणारी ती पहिली बाई. (बायकांची व्यावसायिक टूर 2003 मध्येच गुंडाळली होती, जाणार कुठे बिचारी!) आणि ताकदीचं म्हणाल, तर 60 फुटी लेनच्या (चेंडू जिच्यावरून जातो त्या पट्टीच्या) अलीकडच्या बऱ्याच भागावर तेल असतं, चेंडू तिथे घसरतो, कोरड्यात गेला की वळतो. तो अंदाज यावा लागतो. वाशीच्या मॉलमध्ये आमचे दादा जीव खाऊन चेंडू लेनच्या कडेच्या गटरात घालतात, वहिनी सावकाश सोडून आठ-नऊ पिना पाडतात.