मदत हवी आहे : बी-५२ शॉटचा वरचा थर तरंगत नाही

नमस्कार मंडळी,

माझे थोरले मेहुणे या महिनाअखेरीस ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त होत आहेत आणि त्यानिमित्त नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या घरी त्यांच्या सहकाऱ्यांना जेवायला बोलावले आहे. जेवणाआधी सर्वांना बी-५२ हा तीन थरांचा शॉट द्यावा, असा माझा विचार आहे. (ज्यांची हयात मिग आणि सुखोई बांधण्यात गेली त्यांना बोइंगच्या बॉम्बफेकी विमानाच्या नावाचे पेय का, हा प्रश्न घरात विचारून झाला आहे, हे नाव थेट विमानावरून पडले की त्याच नावाच्या अमेरिकी बँडवरून, यावरही मतभेद आहेतच.)

मूळ कृतीत तळाशी काहलुआ ही कॉफी लिक्युअर (लिक्युअर म्हणजे स्वाद दिलेले गोड मद्य), मध्ये बेलीज आयरिश क्रीम ही व्हिस्की आणि सायीची लिक्युअर आणि वर ग्रँड मार्निए ही संत्र्याची लिक्युअर, प्रत्येकी २० मिली, असे प्रमाण असते. साखर जितकी अधिक तितका द्रव जड आणि अल्कोहोल जितके अधिक तितका हलका, या तत्त्वावर हे थर एकमेकांवर राहतात. खालचे दोन थर मला नीट जमतात. चमच्याची पाठ ग्लासच्या आतल्या बाजूला टेकवून बेलीज सावकाश सोडले की ते काहलुआवर स्वच्छ रेघ धरून बसते.

अडचण तिसऱ्या थराची आहे. ग्रँड मार्निएमध्ये ४० टक्के अल्कोहोल असते, बेलीजमध्ये १७. मला मात्र दुकानात ग्रँड मार्निए मिळाली नाही, आणि जी ट्रिपल सेक (हीसुद्धा संत्र्याची लिक्युअर) मिळाली तिच्यावर २५ टक्के लिहिलेले असून ती पाकासारखी गोड आहे. ती कितीही हळू ओतली तरी क्रीममध्ये उतरते आणि वरचा भाग दुधाळ, गढूळ होतो.

ग्रँड मार्निए मुळात कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी आणि कडू संत्र्याची लिक्युअर यांच्या मिश्रणातून बनते. तेव्हा हीच ट्रिपल सेक ४२.८ टक्क्यांच्या साध्या ब्रँडीत समप्रमाणात मिसळली, तर अल्कोहोल सुमारे ३४ टक्क्यांवर जाईल, साखरही निम्मी होईल आणि रंगही सोनेरी येईल. हे मिश्रण बेलीजवर टिकेल का, की ब्रँडीचे प्रमाण आणखी वाढवावे लागेल, आणि वाढवल्यास संत्र्याची चव हरवेल का? क्वांत्रो ही दुसरी संत्र्याची लिक्युअर ४० टक्क्यांची असल्याने तरंगेल, हे मला ठाऊक आहे. पण ती रंगहीन असल्यामुळे तिसरा थर नजरेत भरत नाही, म्हणून तो पर्याय मी शेवटी ठेवला आहे.

खालच्या दोन बाटल्या फ्रीजमध्ये गार करून वरचे मिश्रण बाहेरच्या तापमानाला ठेवल्याने काही लक्षणीय फरक पडतो का, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे. वरचा थर पेटवण्याचा प्रकार आम्हाला करायचा नाही, त्यामुळे त्याविषयीच्या सूचना कृपया नकोत. पाहुणे सगळे पंचविशीच्या बरेच पुढचे आहेत आणि परवान्यांची व्यवस्था झालेली आहे.

शेवटची शंका अशी, की सर्व ग्लास पाहुणे येण्यापूर्वी भरून ठेवले तर थर साधारण किती वेळ स्पष्ट राहतात?